पाटावरची इंग्रजी पोथी

मी इंग्रजी साहित्य आणि लेखन शिकायला दूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात जाणार, हे घरात ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मोठ्या आईनं विचारलं, "लिव्हाले शिकवतात? बारावी झालेल्या पोरीले?"

मोठी आई म्हणजे बाबांची थोरली वहिनी. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि त्या भिंतीतून सगळं ऐकू जातं. बाबांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. कारंज्याच्या कॉलेजातल्या सरांनी त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं, की तिथे पुस्तकं कशी वाचायची आणि आपण स्वतः कसं लिहायचं हे शिकवतात. मोठी आई म्हणाली, "मंग आतापरेंत इनं काय केलं?"

मला तेव्हा राग आला होता. पण खरं सांगायचं तर तिचा प्रश्न घेऊनच मी तिथे गेले, आणि दुसऱ्या वर्षाच्या नाताळच्या सुट्टीपर्यंत मला त्याचं नीट उत्तर सापडलेलं नव्हतं.

आमचं गाव कामरगावच्या बाजूला आहे. विहिरीला पाणी आहे म्हणून आमच्याकडे मळा आहे: मेथी, पालक, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला होस्टेलमध्ये गेल्यावर रोज कोणाला तरी समजवावं लागलं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय असतं याची माझी कल्पना आणि आईची कल्पना यांत फारसा फरक नव्हता. फरक एवढाच की मला तिथे जाऊन पाहता आलं.

तिथे मला सगळ्याचंच कुतूहल होतं. मेसमध्ये जेवायच्या आधी काही मुली डोळे मिटून प्रार्थना करत. पहिल्या दिवशी माझा घास तोंडात होता आणि समोरची मैत्रीण डोळे मिटून बसलेली. गिळावा की थांबावं, कळेना. मी तोंड तसंच ठेवून थांबले. तिनं डोळे उघडले, माझा फुगलेला गाल पाहिला आणि इतकी हसली की तिच्या प्रार्थनेचं काय झालं असेल याची मला काळजी वाटली.

आमच्या लेखनाच्या मॅडम वर्ग सुरू करण्याआधी क्षणभर डोळे मिटत. ज्यांना मिटायचे ते मिटत, बाकीचे गप्प बसत. मी अर्धे मिटून सगळ्यांकडे पाही. हे लोक काय मागत असतील? आमच्याकडे देवाला मागायचं तर ते काहीतरी नेमकं असतं, आणि बहुतेक वेळा ते सगळ्या घराला माहीत असतं. एकदा धीर करून मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही सगळे धडा वाचून आलेले असावेत, एवढंच मागते." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते सहसा मिळत नाही."

पहिल्या वर्षी मी जे लिहिलं त्यात धुकं फार होतं. तळी होती, एकटे प्रवासी होते, पानगळीची झाडं होती. इंग्रजीत लिहायचं म्हणजे हे सगळं लागतंच असा माझा समज होता. मॅडम समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहून परत देत: हे तू पाहिलं आहेस का? मी पाहिलेलं नसे. पाहिलेलं म्हणजे मेथीचे वाफे, मोटरपंप, कारंज्याच्या बाजाराची पहाट. त्यावर कोणी इंग्रजीत लिहील असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मात्र निर्णयाची वेळ आली. आमच्या विभागात तिसऱ्या वर्षाला लेखनाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यात मोजक्याच मुलांना घेतात, आणि ते सुट्टीनंतर द्यायच्या एका लेखावर ठरतं. मला तिथे जायचंच होतं. दुसरं काही मला इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. लेख आपल्या माहितीतल्या एका जिवंत माणसावर लिहायचा होता आणि त्याला एक अट होती. ती आमच्या मॅडमची जुनी अट आहे, सगळ्यांना पाळावी लागते. ज्याच्यावर लिहिलं, त्याला तो लेख त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं हो म्हटलं तरच लेख द्यायचा. शिवाय त्यानं आपल्याला कुठे कुठे थांबवलं तेही सोबत लिहून द्यायचं.

"थांबवतीलच," मॅडम म्हणाल्या होत्या. "कोणीच थांबवलं नाही तर एकतर तुम्ही खूप गोड लिहिलंय, नाहीतर ते ऐकत नव्हते."

मी आईवर लिहिलं. पहिल्यांदाच मला लिहिताना धुकं लागलं नाही. तिचं पहाटे मेथी खुडणं लिहिलं, जुडी बांधताना गवताची काडी दातात धरणं लिहिलं, बसची पाटी ती ओठ हलवत वाचते ते लिहिलं. आणि शेवटी लिहिला तिचा चॅपेलमधला, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या छोट्या चर्चमधला, तास.

ते असं झालं होतं. पहिल्या वर्षी मला सोडायला आई आली होती, कारण पेरणीचे दिवस होते आणि बाबांना मळा सोडता येत नव्हता. बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे. सकाळी पोचलो तर ऑफिसात रांग होती आणि होस्टेलची खोली दुपारनंतर मिळणार होती. मी रांगेत उभी राहिले, आई सामानाजवळ बसली. माझं काम झालं तेव्हा सामान शिपायाजवळ होतं आणि आई नव्हती. शोधत गेले तर विद्यापीठाच्या चॅपेलच्या दारात तिच्या चपला दिसल्या. तिथे कोणी चपला काढत नाही, त्यामुळे त्या दोनच होत्या, भिंतीला नीट लावून ठेवलेल्या. आत ती मागच्या बाकावर बसलेली होती. ताठ पाठ, डोळे मिटलेले, हात मांडीवर. आत दुसरं कोणी नव्हतं. मी दारात थांबले. मग पायरीवर बसले. बराच वेळ, तासभर म्हणायला हरकत नाही, ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरी कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर आली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चाल." मी काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. घरी जाऊन तिनं हे कोणालाच सांगितलेलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

या तासावर मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. ती कोणाशी बोलत होती, कुठल्या देवाशी, का कुठल्याच नाही, याचा मी जितका विचार करता येईल तितका केला. दोन पानांत मी काहीच ठरवलं नव्हतं आणि तेच मला त्यात आवडलं होतं. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं ते होतं, असं मला वाटत होतं.

नाताळच्या सुट्टीत घरी आले. "हे कायची सुट्टी व?" हा प्रश्न एस.टी.तून उतरल्यापासून घरापर्यंत तीनदा विचारला गेला. नाताळची म्हटलं की लोक माझ्या गळ्यात क्रूस आहे का ते बघत. बाबांना कारंज्याच्या भाजीबाजारात कोणीतरी आधीच विचारलं होतं, "पोरगी तिकडचीच तं नाई झाली ना?" बाबा म्हणाले, "इंग्रजीची झाली, बाकी आपलीच हाय." ते हसत सांगत होते, पण त्यांनी ते मला सांगितलं, यावरून ते त्यांच्या मनात राहिलं असावं.

म्हणून चॅपेलची दोन पानं आईला एकटीला वाचून दाखवायची, असं मी मनात पक्कं केलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आई, म्या तुह्यावर लिव्हलं हाय. तुले वाचून दाखवा लागते."

"माह्यावर?" तिचे हात थांबले. "काय लिव्हलं?"

"थे वाचूनच सांगीन. पन पूर्न आयकाचं. मंधात उठाचं नाई."

तिनं विचार केला. "आंग धुवून बसा लागते का?"

"नाई व आई."

"आज मंग होत नाई. शेंगा हायत, मंग मळ्याले पानी धरा लागते." ती म्हणाली, "गुरुवारी वाच. गुरुवारी बसनंच होते."

मी हो म्हटलं. गुरुवारी ती मोकळी असते एवढंच मला कळलं. मार्गशीर्ष चालू होता हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दीड वर्ष घराबाहेर राहिल्यावर माणूस कोणता महिना कशाचा हे विसरतो, हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी संध्याकाळी मी पानं घेऊन घरात आले तर घर सारवल्यासारखं लख्ख. कोपऱ्यात कलश मांडलेला, पाच पानं, नारळ, समोर पाट, पाटावर मोठ्या आईची गुरुवारची पोथी. चार-पाच घरच्या बाया भिंतीला टेकून बसलेल्या. मोठी आई दरवर्षी पोथी वाचते, कारण ती सगळ्यांत वेगानं वाचते आणि वेगानं वाचल्यावर घरी स्वयंपाकाला उशीर होत नाही. कहाणी झाली, आरती झाली. आता प्रसाद होईल आणि बाया जातील म्हणून मी वाट बघत होते.

आई म्हणाली, "बसा, आजून एक हाय."

तिनं माझ्या हातातली पानं घेतली, मोठ्या आईची पोथी कपाळाला लावून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी पाटावर माझी पानं ठेवली. मी काही म्हणायच्या आत पहिल्या पानाला हळद-कुंकू लागलं. माझ्या रोल नंबरवर पिवळं आणि शीर्षकावर लाल.

"आई, हे पोथी नाई," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"तूच म्हनली ना, पूर्न आयकाचं, मंधात उठाचं नाई."

"पन तुले मले थांबवाचं हाय. जिथं चूक वाटीन तिथं. मॅडमनं सांगतलं."

"वाचत्या मानसाले थांबवत असतेत का?" असं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि मान खाली घालून बसली. बाकीच्या बायांनीही हात जोडले. आता मला कोणी थांबवणार नाही, हे मला कळून चुकलं.

काय करावं समजेना. उठून गेले असते तर आईचा अपमान झाला असता. मी पाटासमोर बसले. मनात ठरवलं, मळ्यापर्यंत वाचायचं आणि तिथेच संपलं म्हणायचं.

एक बाई म्हणाली, "इंग्रजीतली हाय म्हने. आधी थोडी इंग्रजीतूनच वाच ना व. आयकू तं दे."

मी पहिला परिच्छेद इंग्रजीत वाचला. सगळ्या मान हलवत ऐकत होत्या. संपल्यावर त्या बाईनं मूठभर अक्षता माझ्या पानांवर टाकल्या. "लय गोड लागते कानाले," ती म्हणाली.

"समजलं काय?" मोठ्या आईनं विचारलं.

"तुमची तरी सारी समजते काय? तुमी तं राजधानी गाडीवानी वाचता."

हशा पिकला आणि मग मी वऱ्हाडीत सांगायला लागले. एक वाक्य इंग्रजीत डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं आपल्या बोलीत सांगायचं. हे मला वाटलं होतं त्याहून अवघड होतं. इंग्रजीत जे मोठं वाटत होतं ते वऱ्हाडीत आल्यावर एवढंसं होत होतं, आणि कधी कधी उलटही. "माही माय मेथी खुडते तवा तिचे हात पान्यात पाय टाकल्यावानी जातेत," असं मी सांगितलं तेव्हा एक म्हातारी "हूं" म्हणाली. कथा ऐकताना म्हणतात तसा हुंकार. मग प्रत्येक वाक्याला "हूं" यायला लागलं. मला त्याची इतकी मजा वाटली की मी भीती विसरले. आई दातात काडी धरते ते आलं तेव्हा सगळ्या बायांनी आईकडे पाहिलं आणि आईनं तोंडावरून हात फिरवला, जणू काडी अजून तिथेच आहे.

मळा संपला. मी पानं एकत्र केली. "झालं," म्हटलं.

"कुठी झालं?" मोठी आई माझ्या मागून पुढे झुकली. तिची नजर तेज आहे. "दोन पानं हायत आजून."

"थे कॉलेजातलं हाय, मोठी आई."

"कॉलेजातलं असो का कुठलं. पाटावरची पोथी अर्धी ठेवत नाईत, बाई. दोष लागते." आणि आईकडे वळून, "काहून व, खरं का नाई?"

आईनं मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला आता कळेल पुढे काय आहे, ती काहीतरी कारण काढेल, दूध उतू जातंय म्हणेल. ती म्हणाली, "वाच."

तिला माहीत नव्हतं की माहीत असून म्हणाली, हे मला तेव्हा कळलं नाही. मी वाचलं. आवाज बारीक झाला होता. चपला दोनच होत्या हे सांगितलं. मागचा बाक सांगितला. डोळे मिटले होते, हात मांडीवर होते, तासभर माय हलली नाही, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आमच्या घरात म्या कदी पाह्यलं नाई, थे कोन्या देवासंगं बोलत होती मले ठावं नाई. म्हातारीचं "हूं" थांबलं. अक्षता कोणी टाकल्या नाहीत. कलशासमोरच्या दिव्याची वात तडतडत होती तेवढाच आवाज.

मोठी आई आईकडे बघत होती. "चर्चमंदी?"

"हो," आई म्हणाली.

"एक तास?"

आईनं पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मग पदरातून आवाज आला.

"मायबाई, मी तं झोपली होती!"

मग ती म्हातारी पहिली हसली आणि तिच्यामागून सगळ्याच. मोठी आई हसू दाबत म्हणाली, "देवाच्या घरी झोपली?"

"वर पंखा होता, बाई. बाक होतं टेकाले. कोनी उठवे ना. कवा डोया लागला मले समजलंच नाई."

"मी वाचतो तवाबी झोपतच असन तू," मोठी आई म्हणाली.

"तुमी झोपू कुठी देता? धावत असता."

प्रसाद वाटला गेला. शिरा खाता खाता बाया आईला चिडवत होत्या: एकीला तिनं बसून झोपायची युक्ती शिकवावी असं वाटत होतं, एकीनं विचारलं घोरली तर नाही ना. चर्चचं कोणीच काही बोललं नाही. ज्याची मला भीती होती ते झालंच नाही. मी मात्र माझी दोन पानं मांडीवर घेऊन बसले होते. ज्या चेहऱ्यावर मी इतका विचार केला होता तो झोपेचा चेहरा होता. मला ओळखू आला नव्हता, कारण मी आईला झोपलेलं पाहिलेलंच नव्हतं. मी उठते तेव्हा ती उठलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात मेथी खुडायला मी तिच्यासोबत गेले. वाफ्यात समोरासमोर बसलो. थंडी होती आणि पानांवरच्या दहिवरानं हात गारठत होते. मला हो किंवा नाही ऐकायचं होतं. सुट्टी संपत आली होती.

"आई, तुहं हो हाय का? त्या लिव्हन्याले?"

"हो ना. चांगलं हाय. मळ्याचं तं लयच चांगलं हाय."

"मंग आता म्या थे झोपेचं लिव्हतो."

तिचा हात थांबला. "कायले?"

"खरं थेच हाय ना."

"नोको," ती म्हणाली. "थे जसं होतं तसंच राहू दे. डोये मिटून बसली होती म्हन. देवासंगं बोलत होती म्हन."

मी गोंधळले. मला वाटलं होतं चॅपेलमध्ये प्रार्थना केली हे तिला नको असेल आणि झोप चालेल. उलटंच निघालं.

"पन तू बोलत नव्हती ना देवासंगं."

"पोथीत सारं खरंच रायते का?"

"हे पोथी नाई, आई."

"मंग काय हाय?" तिनं अगदी खरंखुरं विचारलं. टोमणा नव्हता. मी मेथीच्या मुळांची माती झटकत राहिले. दीड वर्ष मी हेच शिकत होते आणि मला एका वाक्यात सांगता येईना. शेवटी म्हटलं, "जे झालं थे आनखी एकदा नीट पाहनं, असं काईतरी."

तिनं ते ऐकलं. बहुधा तिला पटलं नाही, पण तिनं ते टाकूनही दिलं नाही. जुडी बांधली, बाजूला ठेवली.

"तुह्या मॅडम वाचतीन. तुह्यासंगच्या पोरी वाचतीन," ती म्हणाली. "म्हनतीन, पोरीले एवढ्या दूर सोडाले आली आन दिवसाढवळ्या झोपा काढून राह्यली. अशी कशी माय. मी कदी दिवसा झोपतो का?"

"नाई."

"मंग? ज्यानं मले पाह्यलं नाई थो काय समजन?"

झोपेचं लिहिलं तर तिचा होकार नाही. होकार हवा तर आता खोटी ठरलेली दोन पानं मला तशीच द्यायची. मॅडमना कळणार नाही हे मला माहीत होतं. त्या दोन पानांवर मला तिसऱ्या वर्षाला जागा मिळेल असंही वाटत होतं. पण मी म्हटलं, "मंग हे देतच नाई. दुसऱ्या कोनावर लिव्हतो."

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला काय हवं आहे हे ती विचारत नाही, तिला ते दिसतं. "तिसऱ्या वर्साचं यावरच हाय ना?"

"हो."

ती परत खुडायला लागली. रस्त्यावरून मंगरूळपीरकडे जाणारी एस.टी. गेली, तिचा हॉर्न बराच लांबपर्यंत ऐकू आला.

"लिही," ती म्हणाली. "झोपली होती म्हून लिही. पन झोपली एवढंच नोको लिव्हू. काहून झोपली थेबी लिही."

"काहून झोपली?"

"हे मले इचारतं?" तिला हसू आलं. "तुले ठावं नाई?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी दीड वर्ष त्या तासाचा विचार केला होता, आणि ती झोपली होती हे कळल्यावरही ती का झोपली हा एक प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

"आदल्या दिवशी हा वाफा पूर्न खुडला," ती म्हणाली, "मी नसतो म्हून. मंग तुह्या बाबांसाठी आन घरच्यांसाठी भाकरी, ठेचा, चटन्या. तुह्या पेटीचं कुलूप लागे ना, थे मोठ्या आईकडचं आनलं. मंग एस.टी., मंग रेल्वे."

"रेल्वेत तं झोपाले भेटलं असतं."

"तू झोपली होती ना."

"मंग?"

"मंग काय मंग? दोघी कश्या झोपतीन? तुही बॅग होती, तिच्यात सारे कागद होते. बडनेऱ्याले टेसनावर एका बाईनं सांगतलं का, झोपजो नोको, सामान जाते. तू माह्या खांद्यावर डोकं ठेवलं आन जे गेली थे सकाळीच उठली. म्या बॅगेचा बंद हाताले गुंडाळला आन बसली." तिनं मेथीच्या जुडीची काडी मनगटाला गुंडाळून दाखवली. "खिडकी उघडी ठेवली, झोप येऊ नये म्हून."

रेल्वेचं मला एवढंच आठवत होतं की मी बसले आणि मग सकाळ झाली. मधली सगळी रात्र तिच्याजवळ होती.

"रातभर खिडकीत?"

"मंग कुठी?"

"काय दिसलं?"

मी हे नियमासाठी विचारलं नाही, लेखासाठीही नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईनं हातातली मेथी खाली ठेवली. तिला असं कोणी विचारलं नसावं, कारण कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. ती आठवायला लागली, तिचे ओठ बसची पाटी वाचल्यासारखे हलले.

"एका टेसनावर लय वेळ थांबली गाडी," ती म्हणाली. "कोनतं थे ठावं नाई, नाव येगळ्याच अक्षरात होतं. तिथी एक बाई नळावर तोंड धूत होती, माह्याएवढीच. तिनं वर पाह्यलं. म्या पाह्यलं. तिनं मले हातानं इचारलं, अशी, का कुठी चालली?"

तिनं हात कसा केला ते दाखवलं.

"मंग तू काय सांगतलं?"

"तुह्याकडे बोट केलं."

वाफा अर्धा राहिला होता आणि बाबांची हाक येऊन गेली होती. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.

"आन मंग?" मी विचारलं.